नागमणीअक्कांचा डावा डोळा

नागमणी येमूल यांच्या डाव्या डोळ्यातून सारखं पाणी येऊ लागलं तेव्हा घरातल्यांनी आणि कारखान्यातल्यांनी त्याचा दोष उन्हाला दिला. सोलापुरात त्या वर्षी शिमग्याच्या आधीच पारा बेचाळिसावर गेला होता. शिवाय मेरुतंतू टेक्सटाइल्सच्या शेडमध्ये धाग्याचं तूस इतकं उडायचं की कुणी ना कुणी डोळे चोळतच असे. दवाखान्यांना लागणारं कापड तिथे विणलं जाई. बँडेज, शस्त्रक्रियेचे गाऊन, कृत्रिम रक्तवाहिन्यांची जाळी. अक्का मागांच्या एका रांगेवर देखरेख करत आणि कामगार संघटनेच्या अध्यक्षही होत्या. सत्तेचाळीस वर्षांची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. डोळ्याला पदर लावून बोलणं त्यांना आवडत नव्हतं.

त्यांनी गुलाबपाणी घातलं, औषधाचे थेंब घातले, चष्मा बदलून पाहिला. मग एके सकाळी तोंड पुसताना टॉवेलवर फिकट लाल डाग पडला. नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या कोपऱ्यात बोट दाबलं तर आत वाटाण्याएवढं काहीतरी घट्ट लागत होतं. त्यांची मुलगी कीर्तना त्याच दिवशी त्यांना डॉक्टर सईदा मुजावर यांच्याकडे घेऊन गेली.

डॉक्टर मुजावर साठीच्या होत्या आणि पेशंटला सगळं समजावून सांगण्याची त्यांना सवय होती. त्यांनी आधी स्वतःच्याच पापणीकडे बोट दाखवलं. डोळ्यात दिवसभर पाणी तयार होत असतं, त्या म्हणाल्या, पण ते गालावर यायचं नसतं. पापण्यांच्या नाकाकडच्या टोकांना दोन बारीक छिद्रं असतात, ती हे पाणी ओढून घेतात. नाकाशेजारच्या हाडाच्या खोबणीत एक छोटी पिशवी असते, तिच्यात ते जमतं आणि तिथून एका नळीवाटे नाकात उतरतं. म्हणून तर रडलं की नाक गळतं. अक्कांच्या त्या अश्रुपिशवीत गाठ झाली होती. अशा गाठी इतक्या दुर्मीळ की बहुतेक डोळ्यांच्या डॉक्टरांना आयुष्यात एखादीच बघायला मिळते.

गाठीचा तुकडा तपासून आला तेव्हा कीर्तनाने आधी एकच गोष्ट विचारली. डॉक्टर म्हणाल्या, कर्करोग नाही, साधी गाठ आहे. मात्र साधी म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका. ती वाढत राहते, शेजारचं हाड झिजवते, आणि तुकड्यातुकड्यांनी काढली तर मागे राहिलेल्या कणातून पुन्हा उगवते. ती पूर्ण काढायची म्हणजे पिशवीसकट काढायची.

पिशवी गेली की पाण्याची वाट गेली. पूर्वी अशा माणसांचा डोळा जन्मभर पाझरत राही, नाहीतर कोपऱ्यातून नाकापर्यंत काचेची बारीक नळी बसवत. आता त्याहून चांगली सोय निघाली होती. पेशंटच्या नाकातल्या अस्तराच्या पेशी घेऊन त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्यांची जिवंत नळी छापून काढायची. तिचं नाव होतं निर्झर. तिच्या भिंतीत केसाहून बारीक संवेदक विणलेले असत आणि वाहणाऱ्या पाण्यात काय काय आहे ते ओळखून पेशंटच्या आणि घरच्यांच्या फोनवर कळवत. गाठ परत उगवू लागली तर तिची प्रथिनं अश्रूंत उतरतात, ती सर्वांत आधी निर्झरला दिसत. साखर, मूत्रपिंडाचं काम, शरीरातली सूज यांचाही अंदाज येई.

मूत्रपिंड हा शब्द ऐकला आणि कीर्तनाचा निर्णय झाला. तिचे वडील मूत्रपिंडाच्याच आजाराने गेले होते, तोही फार उशिरा कळल्यामुळे. ती मेरुतंतूच्याच आरोग्य कक्षात माहितीच्या विश्लेषणाचं काम करत होती. कारखान्याच्या विम्यात निर्झर बसत होती, साधी काचेची नळी मात्र बसत नव्हती. अक्कांनी फार विचार केला नाही. मुलगी एवढी सांगते आहे, डॉक्टरांचीही हरकत नाही, तर बसवू.

शस्त्रक्रिया चांगली झाली. यंत्राच्या बारीक हातांनी गाठ पिशवीसकट अखंड बाहेर काढली आणि नळी बसवली. जखम इतकी लहान होती की थोड्या दिवसांत तिची खूण चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या कडेखाली लपली. डोळा कोरडा झाला. अक्का पूर्वीसारख्या मान वर करून शेडमधून फिरू लागल्या.

पहिल्यांदा निर्झरचं कौतुकच वाटलं. तिने वाढती साखर वेळीच दाखवली आणि अक्कांनी दुपारचा गोड चहा सोडला. पण एकदा कामावर असताना कीर्तनाचा फोन आला. "अम्मा, आत्ता काय झालं? कुणी काही बोललं का?" अक्कांना कुणी काही बोललं नव्हतं. मागाच्या आवाजात त्यांना एक जुनं तेलुगू गाणं आठवलं होतं, नवरा दाढी करताना म्हणायचा ते. डोळ्यात पाणीसुद्धा आलं नव्हतं.

कीर्तनाने ते नंतर घरी समजावून सांगितलं. कांदा चिरताना येणारं पाणी वेगळं असतं आणि दुःखाने येणारं वेगळं, त्यांतली प्रथिनं आणि संप्रेरकं सारखी नसतात, हे जुनंच संशोधन होतं. निर्झर बनवणाऱ्यांनी ते पुढे नेलं. माणूस रडत नसला तरी डोळा ओला ठेवणारं पाणी चालूच असतं. मन घाबरलं, ताणलं, हळवं झालं की त्या पाण्याचं मिश्रण काही क्षणांत बदलतं. चेहरा आवरता येतो, आवाज आवरता येतो, पण हे आवरता येत नाही. कीर्तना हे कौतुकाने सांगत होती. अक्कांना मात्र ते ऐकून आपल्या घराची एक भिंत कुणीतरी पाडल्यासारखं वाटलं. त्यानंतर काही आठवू लागलं की त्या मध्येच थांबत आणि मन दुसरीकडे वळवत.

त्याच उन्हाळ्यात संघटनेची बोलणी सुरू झाली. मागणी एकच महत्त्वाची होती. शेडमधला पारा चाळिशीपलीकडे गेला की दुपारी दोन तास माग थांबवायचे. आदल्या उन्हाळ्यात रुक्मिणी गड्डम नावाची विणकर मागापाशी कोसळली होती. सगळ्यांना वाटलं चक्कर आली, पाणी मारलं की उठेल. ती उठली नाही. अक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन रुग्णवाहिकेची वाट बघत बसल्या होत्या. व्यवस्थापनाचं म्हणणं होतं की माग उन्हाने थकत नाहीत, माणसांनी आळीपाळीने सावलीत जावं. आळीपाळीने जायला माणसं उरलीच होती कुठे, एकेक बाई बारा बारा माग सांभाळत होती.

व्यवस्थापनाच्या बाजूने तळवलकर नावाचे अधिकारी बसत. मृदू बोलणारे, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर टेबलात एक स्क्रीन असे आणि त्यावर 'सहायक' नावाचा प्रोग्राम चाले. समोरच्या माणसांचे चेहरे आणि आवाज वाचून कुठे ताणायचं, कुठे सोडायचं याचा सल्ला तो द्यायचा. संघटनेने आधीच भांडून बोलणीच्या खोलीतले कॅमेरे आणि माइक काढायला लावले होते. त्यामुळे अक्का निर्धास्त होत्या. सहायक आता आंधळा आणि बहिरा आहे असंच त्या धरून चालल्या होत्या.

पण पहिल्या बैठकीपासून काहीतरी चुकत होतं. अक्का जिथे मनातून खंबीर असत तिथे तळवलकर वाद घालतच नसत. जिथे त्यांच्या मनात किंचित धाकधूक असे, नेमका तोच धागा ते पकडत. तिसऱ्या बैठकीत अक्का म्हणाल्या की मागणी मान्य नसेल तर सोमवारपासून सगळे माग बंद राहतील. आवाज खणखणीत होता. कंत्राटी कामगार संपात उतरतील की नाही याची मात्र त्यांना खात्री नव्हती, आणि ही गोष्ट संघटनेचे सचिव बसवराज हत्तुरे यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हती.

तळवलकरांनी स्क्रीनकडे पाहिलं, थोडे थांबले आणि शांतपणे म्हणाले, "येमूलबाई, तुम्ही संप करणार नाही."

त्यांनी प्रश्न विचारला नव्हता. माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं ते बोलले होते. अक्कांना रिकाम्या हाताने उठावं लागलं.

जिना उतरताना बसवराज म्हणाला की आपल्यातलंच कुणीतरी फुटलं असणार. अक्कांना तळवलकरांची नजर आठवत होती. तो माणूस आपल्याकडे बघून बोलत नाही, आधी स्क्रीनकडे बघतो आणि मग बोलतो. खोलीत कॅमेरा नाही, माइक नाही. मग त्या स्क्रीनला दिसतंय काय? अक्कांनी डोळ्याच्या कोपऱ्याला हात लावला.

चौथ्या बैठकीत त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवलं. मागण्यांच्या शेवटी सायकल स्टँडवर छप्पर घालण्याचा एक मुद्दा होता. त्यावर कुणाचं फारसं काही अडलेलं नव्हतं. तो निघाला तेव्हा अक्कांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि आजवर टाळलेली गोष्ट मुद्दाम मनात आणली. दवाखान्यातला शेवटचा आठवडा. नवऱ्याचे पाय इतके सुजले होते की चपला चढेनात, आणि तो हसून म्हणाला होता, येताना मोठ्या मापाच्या आण, घरी जाताना लागतील. त्यांनी खरोखरच नव्या चपला आणल्या होत्या. त्या त्याच्या पायात गेल्याच नाहीत. हे सगळं आठवत, सपाट आवाजात, त्या छपराच्या पत्र्याबद्दल बोलत राहिल्या.

तळवलकरांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "छपराचा प्रश्न अवघड आहे बरं का, येमूलबाई. पण तुमच्या दृष्टीने तो किती महत्त्वाचा आहे ते मी समजू शकतो. तुम्ही तापमानाचा मुद्दा मागे घेत असाल, तर छपराचं मी वरपर्यंत बोलतो."

बसवराज हसू दाबत त्यांच्याकडे बघत राहिला. अक्कांना हसू आलं नाही. त्या उठल्या, आज तब्येत बरी नाही म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

घरी आल्यावर त्यांनी कीर्तनाला समोर बसवून सगळं सांगितलं. कीर्तना आधी मान्यच करेना. आरोग्य कक्षातली माहिती कुणाच्या नावाने बाहेर जात नाही, ती म्हणाली, तिने स्वतः ती व्यवस्था पाहिली आहे. कामगारांच्या मनगटावरच्या पट्ट्यांतून येणारे नाडीचे ठोके, चालणं, झोप, सगळं नाव काढूनच पुढे जातं. सहायकला त्यातून फक्त शेडचं एकूण मन कळतं. बोलता बोलता ती अचानक थांबली. तिचा चेहरा उतरला.

हजारभर कामगारांचे ठोके एकमेकांत मिसळले की त्यातून एका माणसाला वेगळं काढता येत नाही. पण विम्यामुळे निर्झरची माहितीही त्याच कक्षात जाई, आणि अश्रूंची नोंद सगळ्या कारखान्यात एकाच माणसाची होती. असली गाठ दुसऱ्या कुणाला झालीच नव्हती. नाव काढलं काय आणि ठेवलं काय, त्या रेषेखाली एकच बाई होती.

"मग तक्रार करू," अक्का म्हणाल्या.

"कशाच्या आधारावर? नाव नाही म्हणजे ती तुझी माहिती नाही. कायद्याने ते पाणी कुणाचंच नाही, अम्मा."

फोन बंद ठेवूनही उपयोग नव्हता, कारण कारखान्याच्या भिंतीभिंतीत संदेश पकडणारी यंत्रं होती. नळीचे संवेदक बंद करणं तिच्या उत्पादकांच्याच हातात होतं. गाठ उलटण्याचा धोका असलेल्या पेशंटचे संवेदक ते बंद करत नसत.

दुसऱ्या दिवशी अक्कांकडून सगळं कळल्यावर बसवराजने वेगळीच वाट सुचवली. नळी राहू दे, तो म्हणाला. तिच्यामुळे ते आपल्याला वाचतात, तर आपण त्यांना खोटं वाचायला देऊ. काल जमलंच की. छपराच्या वेळी जे केलं तेच प्रत्येक मुद्द्याला उलटंसुलटं करायचं.

अक्का म्हणाल्या, "काल मी माझ्या नवऱ्याचं मरण टेबलावर मांडलं, बसवराज. पत्र्याच्या छपरासाठी. रोज मांडू? आणि ते संपलं की रुक्मिणीचं मांडू?"

बसवराजने मान खाली घातली. अक्का म्हणाल्या, "ही नळी निघणार."

डॉक्टर मुजावर यांनी सरळ नकार दिला. नळी उत्तम चालते आहे, जखम भरली आहे, गाठ परत आली तर सर्वांत आधी तीच सांगणार आहे. ती काढायची म्हणजे भरलेली जागा पुन्हा उघडायची. पेशंटच्या नाकातून पुन्हा नळी वाढवून बसवता येईल एवढं चांगलं अस्तर आता उरलेलं नाही. डोळा पहिल्यासारखा पाझरू लागेल. जखम पुरती निवली की काही महिन्यांनी काचेची नळी बसवून बघता येईल, पण ती सरकते, बुजते, तिची निगा राखावी लागते. अक्का सगळं नीट ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं की गाठ परत आलीच, तर ती नळीशिवाय कळणारच नाही का?

कळेल, डॉक्टर म्हणाल्या, पण उशिरा. दर सहा महिन्यांनी स्कॅन करावं लागेल. तोवर ती पुन्हा वाटाण्याएवढी झालेली असू शकते.

"वाटाण्याएवढी झाली तर तुम्ही काढाल?"

"काढेन."

"मग मी तेवढा धोका घेते. तो माझा मला कळतोय. हा दुसरा, मन वाचलं जाण्याचा, कळायच्या आधीच गळ्याशी येतो."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेल्या. नळी काढू नका असाच आपला डॉक्टर म्हणून सल्ला आहे, त्या म्हणाल्या, पण बाईच्या शरीरात तिच्या इच्छेविरुद्ध काही ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मग त्यांनी एक अडचण सांगितली. शस्त्रक्रिया करणारं यंत्र चालू असलेली निर्झर ओळखतं आणि तिच्यावर पातं चालवायला नकार देतं. उत्पादकांनी त्याला तसं बांधून ठेवलं आहे. "यंत्राच्या हाताला परवानगी नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला कुणाची परवानगी लागत नाही. ही शस्त्रक्रिया मी यंत्र येण्यापूर्वी हातानेच करत होते."

सर्वांत मोठं भांडण घरात झालं. कीर्तनाने रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. तळवलकरांपायी तू आपला जीव धोक्यात घालतेस, ती म्हणाली. आप्पांना असं काही लावलेलं असतं तर ते आज असते. ते खरंच होतं. अक्का मुलीशेजारी बसल्या.

"ही नळी माझा जीव सांभाळते हे मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण तो जीव घेऊन मी करू काय? काही आठवलं की मी भिते. तुझा फोन येईल म्हणून भिते, तळवलकर बघेल म्हणून भिते. तुझे आप्पा मला आठवू नयेत म्हणून मी मन मारते, कीर्तना. आतल्या आत कुढायलाही मला जागा उरली नाही."

कीर्तना रडली. अक्का रडल्या नाहीत, पण त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्या घडीला कीर्तनाच्या फोनवर उमटत असणार. तिने फोन हातात घेतला, स्क्रीनकडे न बघता बंद केला आणि उशीखाली सरकवला.

शस्त्रक्रियेला यंत्राच्या दुप्पट वेळ लागला. डॉक्टर मुजावर यांनी भिंगातून बघत, चिमट्याने धागा धागा सोडवत नळी बाहेर काढली. ती जिवंत होती, गुलाबी होती, करंगळीच्या पेराएवढी. अक्का शुद्धीवर आल्या तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि तिच्याखालून पाणी गालावर ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

कीर्तना तेव्हा दवाखान्यात नव्हती. पाळी बदलायच्या वेळी ती कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली होती. एका बाकावर चढून तिने येणाऱ्या-जाणाऱ्यांना साध्या शब्दांत सांगितलं की नाव काढलेली माहिती म्हणजे काय, ती कुठे जाते आणि तिच्या आईचं काय झालं. उद्या तुमच्यातल्या कुणाला काही दुर्मीळ झालं, सगळ्या कारखान्यात कुणी एकटीच गरोदर असली, कुणी एकटाच इन्शुलिन घेत असला, तर त्याचंही असंच होईल, ती म्हणाली. मनगटावरचे पट्टे तुमच्या तब्येतीसाठी दिलेत, ते बोलणीच्या खोलीत काय करतात? मग तिने स्वतःचा पट्टा काढून खिशात टाकला. मग रुक्मिणी गड्डमच्या बहिणीने आपला पट्टा सोडला. तिच्यामागे रांगेतल्या बायकांनी सोडले, मग कंत्राटी पोरांनी. संध्याकाळी आरोग्य कक्षाच्या वरिष्ठांनी कीर्तनाला बोलावलं आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती हे सांगायला दवाखान्यात आली तेव्हा अक्कांनी फक्त तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पट्टी निघाल्यानंतरच्या आठवड्यात पाचवी बैठक झाली. बाहेर ऊन असं होतं की फाटकाच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. अक्का खोलीत आल्या तेव्हा डाव्या गालावरून पाण्याची धार हनुवटीपर्यंत आलेली होती. त्यांनी रुमाल मांडीवर ठेवला. लागेल तेव्हा पुसायला, लपवायला नव्हे.

तळवलकरांनी सवयीने स्क्रीनकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. अक्कांची रेषा नव्हती आणि शेडचं एकूण मन दाखवणारी जागाही जवळपास कोरीच होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग कदाचित पहिल्यांदाच त्यांनी समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो चेहरा रडत होता आणि अजिबात रडत नव्हता.

"येमूलबाई, तुम्हाला त्रास होतोय," ते म्हणाले. "आपण आज थांबू या का?"

"डोळ्याला पाणी आहे," अक्का म्हणाल्या. "ते कशाचं आहे ते आता तुम्हाला कळणार नाही. बोला."

मग त्यांनी मागणी पुन्हा सांगितली. शेडमध्ये पारा चाळिशीपलीकडे गेला की दोन तास माग बंद. आणि एक नवी मागणी, कुणाच्याही शरीरातून निघालेली कसलीही माहिती, नावासकट किंवा नावाशिवाय, या खोलीत यायची नाही. दोन्ही आज मान्य झालं नाही तर सकाळच्या पाळीला एकही माग फिरणार नाही.

तळवलकर म्हणाले की कायदा विभागाशी बोलावं लागेल. अक्का म्हणाल्या, बोला, आम्ही इथेच बसतो. ते म्हणाले की कंत्राटी कामगार तुमच्याबरोबर येतील याची तुम्हाला तरी खात्री आहे का. अक्कांनी गाल पुसला आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. खाली शेडमधून मागांचा आवाज येत होता. त्या आवाजात किती माणसं कुणाच्या बाजूने उभी आहेत ते ऐकून सांगता येण्यासारखं नव्हतं. बसवराजलाही सांगता आलं नसतं.

तळवलकर बाहेर गेले, आले, पुन्हा गेले. परत आल्यावर त्यांनी बेचाळीस अंशांचा प्रस्ताव ठेवला. अक्का म्हणाल्या, रुक्मिणी गेली तेव्हा शेडमध्ये एकेचाळीस होते. शेवटी चाळीसवरच ठरलं. थांबलेल्या दोन तासांपैकी एक तास संध्याकाळी उन्हं उतरल्यावर भरून द्यायचा, एवढं अक्कांनी सोडलं. दुसरी मागणी तळवलकरांनी जवळजवळ वादाशिवाय मान्य केली. सही करताना ते म्हणाले की सहायकशिवाय बोलणी करायची मला सवय राहिली नाही. अक्का म्हणाल्या, होईल हळूहळू.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमधल्या तापमापकाने चाळीस ओलांडलं आणि सगळे माग एकदम थांबले. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये दिवसाढवळ्या अशी शांतता कुणी ऐकली नव्हती. बायका भिंतीला टेकून बसल्या. काही जणी तिथेच आडव्या झाल्या. कुणीतरी डबा उघडला.

कीर्तना फाटकाबाहेर आईची वाट बघत उभी होती. तिला अजून दुसरी नोकरी मिळालेली नव्हती. दोघी लिंबाच्या सावलीत थांबल्या. अक्कांचा डोळा वाहत होता, येणारेजाणारे बघत होते, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. काचेच्या नळीबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं, कीर्तना म्हणाली. अक्का म्हणाल्या, बोलू, काचेला काय हरकत आहे.

थोडा वेळ गेल्यावर कीर्तनाने विचारलं, "अम्मा, खरं सांग. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तू खरंच माग बंद केले असतेस? सगळे आले असते, असं तुला वाटत होतं?"

अक्कांनी मुलीकडे पाहिलं. त्यांच्या गालावरून एक थेंब ओघळला आणि हनुवटीवरून खाली धुळीत पडला.

"ते तुलाही सांगणार नाही," त्या म्हणाल्या.